नाताळचा गोठा आणि घरचे मांजर

डिसेंबरची थंडी पडू लागली की आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांतून गोठा मांडण्याची लगबग सुरू होते. देशावरच्या मंडळींसाठी सांगतो, हा गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. पेंढ्याचे छप्पर, मातीची गुरे, मेंढरे आणि मधोमध गव्हाणी. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो या गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून असा देखावा मांडला होता. त्यात मांजर होते असे कोठे ऐकिवात नाही. आमच्या घरच्या देखाव्यात मात्र ते असतेच, आणि बोलावल्याशिवाय असते.

तीन वर्षांपूर्वी आमची भुरी आठ महिन्यांची होती. पोरांनी सुरूची फांदी आणून वाळूच्या डब्यात रोवली. तिला काचेचे गोळे टांगले, चंदेरी झिरमिळ्या सोडल्या आणि दारातली चांदणी बांधून उरलेला जरीचा दोराही तिच्यावरच गुंडाळला. मला काळजी काय ती काचेची. काही गोळे माझ्या आईच्या वेळचे! ते मी उंच टांगले, फांदी खिडकीच्या गजाला बांधली आणि आपण फार शहाणपणा केला असे समजून निजलो. भुरीने त्या रात्री फांदीवर चढून दोन गोळे फोडलेच. सकाळी काचा वेचल्या, तिला चार शब्द सुनावले. दोरा किती होता आणि किती उरला, हे मात्र कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मांदेलीला तोंड लावले नाही. जे मांजर बाजाराच्या पिशवीचा वास आला की पायांत घोटाळते, ते मांदेली सोडून पलंगाखाली जाऊन बसले. दोनदा ओकली. आम्ही म्हटले, थंडी बाधली असेल. चोवीस तारखेला संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळताना दिसली. जबडा उघडून पाहतो तर जिभेखाली जरीचे टोक चमकत होते. मी ते चिमटीत धरले. एवढ्यात आमच्या घरातून आवाज आला, "अहो, ओढू नका! आधी डॉक्टरांना दाखवू."

श्रोतेहो, तो दोरा मी ओढला असता तर काय झाले असते, हे मला त्या रात्री जनावरांच्या डॉक्टरांनी समजावले, आणि आजचे भाषण खरे म्हणजे त्यासाठीच आहे.

मांजराची जीभ आपल्या हाताला खरखरीत लागते. तिच्यावर बारीक काटे असतात आणि ते सगळे घशाच्या दिशेने वळलेले असतात. अंग चाटून साफ करायला ते फार सोयीचे; पण दोरा एकदा जिभेवर आला की मांजराला तो थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. पुष्कळदा दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि बाकीचा आतड्यात उतरतो. आतडे आपल्या नेहमीच्या हालचालीने त्याला पुढे ढकलू पाहते. दोरा पुढे जात नाही, म्हणून आतडेच त्याच्यावर गोळा होत जाते. परकराची नाडी ओढल्यावर नेफा चुण्या पडून गोळा होतो ना, अगदी तसे. ताणलेला दोरा मग आतड्याला करवतीसारखा कापतो. बाहेरून ओढणे म्हणजे ती करवत आपल्याच हाताने चालवणे. शेपटीखाली टोक लोंबत असेल तरी तेच. ओढायचे नाही, एरंडेल पाजायचे नाही, 'जाईल आपोआप' म्हणून वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. भुरीचे पोट उघडावे लागले. आमची मध्यरात्रीची मिस्सा त्या वर्षी चुकली. भुरी वाचली.

आता कोणी म्हणेल, मांजराला एवढी अक्कल नाही का? अहो, अक्कल आहे म्हणूनच तर! अंधुक उजेडात हलणारी वस्तू टिपण्यासाठीच त्याचे डोळे घडलेले आहेत, आणि माणसाला ऐकू न येणारे उंदराचे बारीक चिरकणे त्याच्या कानांना ऐकू येते. वाऱ्यावर सळसळणारी झिरमिळी त्याला शेपटी हलवणाऱ्या उंदरासारखीच. आपण घरात शिकार टांगायची आणि शिकाऱ्याला उपाशी राहा म्हणायचे, हा न्याय कुठला? आइसलँडमध्ये तर लोककथेत नाताळचे एक भले थोरले मांजर आहे. सणापूर्वी ज्याला नवा कपडा मिळाला नाही त्याला ते खाते म्हणतात. आमचे मांजर बिचारे जरीवरच थांबले.

त्या वर्षापासून आमच्याकडे झिरमिळ्या आणि जर बंद. फांदीवर खाली कापडाच्या चिमण्या आणि लाकडी घंटा, वर काचेचे गोळे, तेही सुतळीच्या आखूड गाठीने पक्के बांधलेले. फांदी दोन दिवस तशीच उघडी ठेवतो. भुरी हुंगून, नखे घासून कंटाळली की मग सजवतो. डब्यातल्या वाळूवर मोठे गोटे रचतो, नाहीतर मांजर त्या वाळूचा दुसराच उपयोग करते, हे मांजर पाळणाऱ्यांना सांगायला नको! दिव्यांची माळ निजताना नुसती बटणावर न ठेवता प्लगमधून काढतो, कारण पिल्लांना वायर चावायची खोड असते. मेणबत्ती पेटती असेल तेथे माणूस बसलेला हवा.

मांजर दूर राहावे म्हणून काही जण डांबरगोळ्या ठेवतात. ते करू नका, त्या मांजराला विषारी आहेत. हल्ली शहरातून गुच्छ येतात, त्यांत मोठ्या पाकळ्यांची, परागांनी भरलेली लिली असते. आल्तारासाठी ती शोभते, पण मांजराच्या घरात नको. तिचे पान, फूल, फार काय अंगावर पडलेला पराग चाटला तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गणपती असो, राखी असो, स्नेहसंमेलन असो, जर आणि झिरमिळ्या शाळेतही असतातच, आणि पोषण आहाराच्या तांदळापाशी एखादे मांजरही असतेच. सजावट उतरवताना मुलांना दोऱ्याचे तुकडे मोजून डब्यात टाकायला सांगा. मुलांना मोजायला आवडते. घरी गेल्यावर ती आईबापांनाही मोजायला लावतात, हा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी आम्ही गोठ्याशेजारी भुरीसाठी पुठ्ठ्याचे खोके ठेवले, आत गोणपाट आणि मूठभर पेंढा. पहिल्या रात्री ती खोक्यात निजली. दुसऱ्या रात्रीपासून पुन्हा गोठ्यात, मेंढरे बाजूला सारून. बाळ येशूची मूर्ती आम्ही चोवीसच्या मध्यरात्रीच ठेवतो. तोवर तिला कोणी उठवत नाही.