बीजाला सवलत, हाताला काय?



जगातील दहांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना ज्या सुरत नगरीत पैलू पडतात, तेथेच आम्ही हे रोखठोक बोलत आहोत. प्रयोगशाळेत हिरा घडू लागला, याचे आम्हांस वैषम्य नाही. यंत्राशी वैर धरणे शहाणपणाचे नव्हे. २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने अशा हिऱ्याच्या बीजावरील आयातशुल्क माफ केले. त्याच डिसेंबरात येथील भव्य हिरेबाजाराचे उद्घाटन झाले. पुढे मंदीत घासणीची चाके थांबली. २०२५ मध्ये राज्य सरकारने कारागिरांच्या मुलांच्या शाळाशुल्कास साहाय्य जाहीर केले. ते स्वागतार्हच, परंतु साहाय्य म्हणजे हक्क नव्हे. नगावर राबणाऱ्यास नेमणूकपत्र व भविष्यनिर्वाह निधी मिळालाच पाहिजे. बीजासाठी दाखविलेली तत्परता सरकारने हातांसाठीही दाखवावी, एवढेच आमचे मागणे आहे!