वजनाचे मागणीपत्र



कामगार संघटनेचा माणूस वजन उतरविण्यावर बोलणार, हे वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कष्टकऱ्याला पोट भरण्याची भ्रांत; त्याला पोट कमी करण्याचे काय सांगता? पण काळ पालटला आहे. पाठीवरची पोती आता पुष्कळ ठिकाणी यंत्रे वाहतात. अकोल्याच्या डाळमिलमध्ये काय किंवा अमरावतीच्या कचेरीत काय, बसून करावयाचे काम वाढले, आणि चहा, साखर, तळलेला आलुबोंडाही वाढला. मधुमेह हल्ली जिनिंगच्या फाटकाशी अडत नाही. शिवाय मजुराला तो झाला, तर औषधाचा खर्च येतो आणि रोजीही बुडते.

अंगाने सडपातळ असणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे हा आकडा २३ झाला, किंवा कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे असे वैद्यकशास्त्र सांगते.

सावध झालेला माणूस बहुधा एकच करतो. पाडव्याला संकल्प सोडतो: महिन्यात दहा किलो! आठ दिवस उपास, नवव्या दिवशी लग्नाची पंगत, आणि दहाव्या दिवशी "आपल्याच्याने होत नाही." ज्या मागणीपत्रात सगळेच एका दिवसात हवे असते, त्याची हीच गत होते.

कामाचे तास कसे उतरले, ते आठवा. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषाचा दिवस बारा तासांवर आला. १९२२ मध्ये अकरा झाला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दहा झाला, पण आपल्या जिनिंगसारख्या हंगामी कामात अकराच राहिला. ४८ तासांचा आठवडा १९४६ साली आला आणि १९४८ च्या कायद्याने पक्का झाला. पस्तीस वर्षे लागली. पण जे एकदा मिळविले, त्यावर पाय रोवून पुढचे मागितले.

वजनाचेही मागणीपत्र असेच लिहावे. समजा, वजन ८० किलो आहे. पहिली मागणी पाच टक्क्यांची, म्हणजे चार किलोंची. मुदत चार महिने. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. दोन चमचे साखरेच्या पाच चहांतून साखर काढली, तर दिवसाला सुमारे २०० कॅलरी वाचतात. अर्धा तास झपझप चालले, की आणखी सव्वाशे-दीडशे खर्च होतात. एवढ्या दोन कलमांनी आठवड्याला पाव किलो उतरते. आमच्या वऱ्हाडचे ऊन पाहता वैशाखात ही चाल सूर्य वर येण्यापूर्वीच उरकावी.

चार किलोंनी काय होणार, असे म्हणू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांवर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. ध्येय होते सात टक्के वजन आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोंचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच!

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करा. रोजच्या चढउताराने उगीच मन खचते. आणि दोन-तीन महिन्यांनी काटा अडला, तर घाबरू नका. अंग हलके झाले की त्याला अन्नही कमी लागते, म्हणून उतार मंदावतो. तेव्हा नवी मागणी करण्याऐवजी मिळविलेले राखावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून खाण्यात बदल करू नये.

आज घरी गेल्यावर कागदावर तीनच ओळी लिहा: आजचे वजन, चार महिन्यांनंतरचे वजन, आणि उद्यापासून पाळावयाची दोन कलमे. खाली घरच्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या. साक्षीदार असला, म्हणजे करार मोडणे जड जाते.