आधी काम, मग भाषा

घरात दख्खनी बोलणारा मी कविता मराठीत का लिहितो, असं जुन्नरच्या बाजारात कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. जी भाषा आपलं काम करते आणि जी समजणारी माणसं आसपास असतात, ती आपली. संगणकाची भाषा निवडताना हेच उत्तर कामी आलं.

माझ्या साडेतीनशे कविता जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या, की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. सगळ्या युनिकोडमध्ये आणायच्या होत्या. मंचरची भाची म्हणाली, "मामू, ही हमाली तुम्ही कशाला करता? छोटा प्रोग्रॅम लिहू."

कोणत्या भाषेत? वर्डचा मॅक्रो वर्डपुरताच. १९८७ साली आलेली पर्ल मजकुराच्या कापाकापीत पटाईत, पण तिची चिन्हं मला मोडीसारखी वाटली. १९९१ची पायथन मात्र वाचता आली. २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती मजकूर मुळातच युनिकोड मानते. शिवाय अडलं तर विचारायला भाची होती. निवड झाली.

खरी गाठ पडली पहिल्या वेलांटीशी. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, नंतर. आम्ही ती एक अक्षर पुढे सरकवली, तर 'स्थिती'तली वेलांटी 'थ'ला सोडून अर्ध्या 'स'ला चिकटली! जोडाक्षरांचा वेगळा नियम लिहावा लागला. रफाराचं नेमकं उलट. त्याला मागे आणावं लागलं.

एक चूक मात्र माझी. घाईनं मी मूळ फाइलींवरच प्रोग्रॅम चालवला. आमच्या तक्त्यात नसलेली चिन्हं गळून गेली. अम्मीवरच्या कवितेतल्या चार ओळी अजून जुळत नाहीत. कागदावरची प्रत नव्हती, आणि स्वतःचेच शब्द मला आठवत नाहीत.

म्हणून सांगतो, रोजच्या कामासाठी भाषा निवडताना तिची कीर्ती पाहू नका. सहा महिन्यांनी आपलंच लिहिलेलं आपल्याला वाचता येईल का, आणि अडल्यावर विचारायला कोण आहे, एवढं पाहा. आधी प्रत काढा, दोन फाइलींवर चालवून बघा. वाचून तपासायचं काम मात्र कुठलीच भाषा आपल्यासाठी करत नाही.