यंत्राचा हिशेब आणि आपली पारख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आणि विषयही मंडळानेच नेमून दिला: संगणकावरची अर्जाची व हिशेबाची पाने कशी तयार होतात आणि कशी तपासतात. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचे बोल माझ्याकडून निघावयाचे नाहीत. पण माझी मोठी मुलगी नागपुरास एका लहान कंपनीत हेच काम करते. गेल्या उन्हाळ्यात आपल्या बचत गटाची वही संगणकावर चढविण्याचे काम तिने अंगावर घेतले, तेव्हा महिनाभर मी तिच्या शेजारी बसून होते. जे पाहिले, विचारले आणि समजले, तेच आपणांपुढे ठेवते.

हा विषय आता चुलीपर्यंत आला आहे. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले, तेव्हा आपण साऱ्याच मोबाईल पुढे घेऊन बसलो. धान विकावयाचे तर ऑनलाईन नोंदणी, मुलांचे दाखले ऑनलाईन, सिलिंडरचा नंबरही मोबाईलवरच. आणि कुठलेही पान अडून बसले, की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, "मला नाही येत बाई." भगिनींनो, दरवेळी दोष आपला नसतो. पुष्कळदा त्या पानाची तपासणीच कच्ची राहिलेली असते. आज मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

आधी पान तयार कसे होते ते पाहू. दिवाळीला आपण फराळाचे डबे करतो, तेव्हा एकच बाई सारे करीत नाही. कुणी चकली करते, कुणी अनारसे, कुणी चिवडा. शेवटी सारे एका डब्यात भरतो. संगणकाचे पानही असेच सुट्या भागांचे असते. नाव लिहिण्याची चौकट हा एक भाग, तारखेची दुसरा, रकमेची तिसरा, खालचे बटन चौथा. यांना कंपोनंट म्हणतात. आपण घटक म्हणू. तारखेचा घटक एकदा नीट केला, की तोच वर्गणीच्या पानावर, कर्जाच्या पानावर, सगळीकडे बसविता येतो. हे घटक ज्या सांगाड्यात बसतात, तो फ्रेमवर्क. २०१३ साली फेसबुकने रिअॅक्ट नावाचे असे साधन सर्वांना खुले केले, आणि २०१४ साली एव्हान यू या गृहस्थाने व्ह्यू नावाचे काढले. आज जगभर त्यांवर पाने बांधली जातात.

पण एवढ्या दूर जावयास नको. आपल्या मुंबईतच फ्रॅपे नावाची कंपनी आहे. श्री. रुषभ मेहता यांनी ती २००८ साली सुरू केली. घरचा फर्निचरचा व्यवसाय, त्याचा हिशेब नीट ठेवण्याच्या गरजेतून हे काम उभे राहिले. त्यांचे ईआरपीनेक्स्ट नावाचे साधन जमाखर्च, मालाचा साठा असे सारे सांभाळते. त्याच्या खालचा सांगाडा म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क. नोंदीत कोणकोणते रकाने हवेत ते त्याला सांगितले, की अर्जाचे पान, यादी आणि नोंदी साठविण्याचा तक्ता तो स्वतःच उभा करतो. माझ्या मुलीने आपल्या गटाची वही याच सांगाड्यावर केली.

आता कुणी विचारील, मुंबईच्या कंपनीची वस्तू आपल्याला कशी मिळाली? तर ती मुक्त स्रोताची आहे. म्हणजे तिची सारी कृती उघडी आहे. कुणीही वाचावी, वापरावी, आपल्या सोयीने बदलावी. मूळ मालकाचे नाव व परवाना तेवढा तसाच ठेवावा. ही रीत नवी नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी युरोपातील सर्न या संस्थेने वेबच सर्वांना विनामूल्य खुली करून दिली. म्हणून तर आज गोंदियातल्या घरात बसून आपण ती वापरतो. मात्र मुक्त म्हणजे अगदी बिनखर्चाचे असे नव्हे. ज्या संगणकावर आपली वही राहते त्याचे भाडे द्यावेच लागते आणि मेहनतही करावी लागते. मोठा फायदा निराळाच आहे. व्याज कसे काढले, ते झाकलेले नाही. ज्याला वाचता येते तो उघडून पाहू शकतो.

आता तपासणीकडे वळते. तिच्या तीन पायऱ्या मी पाहिल्या.

पहिली पायरी, एकेका भागाची परीक्षा. चकली डब्यात जाण्याआधीच चाखावी, तशी. रकमेच्या चौकटीत मुलगी मुद्दाम उलटसुलट भरून पाही. काहीच नाही लिहिले तर? शून्य लिहिले तर? मराठी अक्षरांत ५०० लिहिले तर? पुष्कळ ठिकाणी यंत्राला आपले देवनागरी आकडे कळतच नाहीत, हे मला तेव्हा समजले. तारखेत ३१ फेब्रुवारी टाकली तर? सासू आणि सून यांचा मोबाईल नंबर एकच असला तर? मग व्याज. आपला दर शंभराला महिना २ रुपये. ५,००० रुपये कर्ज असेल तर पहिल्या महिन्याचे व्याज १०० रुपये. १,००० रुपये मुद्दल फेडले, की पुढच्या महिन्याचे ८० रुपये. हे उत्तर आधी मी कागदावर काढावयाचे, मग यंत्राला विचारावयाचे. आणि हा प्रश्न उत्तरासकट तिने यंत्रातच लिहून ठेवला. पुढे कधीही काही बदलले, की यंत्र ते सारे प्रश्न पुन्हा स्वतः सोडवून दाखविते. एकदा तिने तारखेचा घटक सुधारला आणि महिन्याची बेरीजच चुकू लागली. त्या लिहून ठेवलेल्या प्रश्नानेच ती चूक क्षणात पकडली.

दुसरी पायरी, जोडलेल्या पानाची परीक्षा. चकली चांगली, चिवडाही चांगला, पण डब्याचे झाकणच बसत नसेल तर काय उपयोग? यासाठी अशी साधने आहेत, की यंत्र माणसासारखे स्वतः पान उघडते, नाव भरते, बटन दाबते आणि आलेले उत्तर ताडून पाहते. सेलेनियम हे असे साधन २००४ साली निघाले, तेही मुक्तच. फ्रॅपेची मंडळी सायप्रेस नावाचे साधन वापरतात.

तिसरी पायरी मात्र यंत्राला येत नाही. यंत्राच्या साऱ्या परीक्षा पास झाल्यावर मुलीने आपल्या गटातील एका आजींना बोलाविले आणि त्यांचाच जुना मोबाईल त्यांच्या हाती दिला. आजींनी २०० रुपये भरले आणि विचारले, "हे बटन दाबू का वो?" दाबले. नेटवर्क मंद. पानावर काही हालेना. आजींनी पुन्हा दाबले. झाले! २०० च्या दोन नोंदी पडल्या.

विचार करा, हे महिन्याच्या बैठकीत निघाले असते तर? वहीत ४०० आणि पेटीत २००. बोट कुणाकडे गेले असते? पेटी सांभाळणाऱ्या बाईकडे. अशा एका आकड्यापायी वर्षानुवर्षांचा गट मोडतो. मुलीने त्याच दिवशी उपाय केला. बटन एकदा दाबले की ते बंद होते आणि "नोंद होत आहे" असे दिसते. शिवाय प्रत्येक हप्त्याला पावती नंबर आहे. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर नोंदच घेतली जात नाही. यावरही आपण विसंबलो नाही. तीन महिने कागदाची वही आणि यंत्र दोन्ही चालविले, दर बैठकीत ताडून पाहिले, आणि मगच वही कपाटात ठेवली.

यातून दोन गोष्टी मला आपणांस सांगाव्याशा वाटतात. कुठलेही पान अडले, तर स्वतःला बोल लावू नका. कोणते पान, आपण काय लिहिले, पानाने काय उत्तर दिले आणि किती वाजता, हे टिपून ठेवा. फोटो काढलात तर आधार नंबर झाकून काढा, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. मग ती टिपण ज्यांचे पान असेल त्यांना द्या. नुसते "चालत नाही" म्हटल्याने करणाऱ्याला काही कळत नाही. चूक कशी झाली हे सांगितले, तर ती सापडते.

दुसरी गोष्ट मुलींबद्दल. ज्यांच्या मुली बारावी झाल्या आहेत, त्यांनी हा मार्गही विचारात घ्यावा. या मुक्त साधनांचे शिक्षण त्यांच्याबरोबरच खुले मिळते. नुसते तपासणीचे काम हीसुद्धा चांगली, मानाची नोकरी आहे. त्याला लागते चिकाटी आणि खोट हेरणारी नजर. ती आपल्या घरात कमी नाही. गोंदिया तांदळाचे शहर. मिलमधून तांदूळ कितीही पांढराशुभ्र येवो, आपण तो सुपात घेऊन खडा पाहतोच. यंत्राचा हिशेबही तसाच पारखून घ्यावा, एवढीच माझी विनंती.