नादारी आणि धनकोंचे दावे

कर्जदार नादार ठरला की त्याची देणी बुडाली, असा सार्वत्रिक समज असला, तरी नादारीच्या कायद्याने देणे लगेच संपत नाही. प्रथम बदलते ती वसुलीची रीत. मुंबई शहरात १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा नादारी अधिनियम आजही सामान्य माणसाला लागू आहे. त्यांची जागा घेण्यासाठी २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता संमत झाली खरी, परंतु तिचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला. परिणामी नादारीच्या अर्जासाठी १९२० साली ठरवलेली किमान पाचशे रुपयांच्या देण्याची मर्यादा क्रेडिट कार्डांच्या काळातही सोबत चालत आली आहे.

१९२० च्या अधिनियमानुसार कर्जदार नादार ठरताच त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे ती ताब्यात घेऊन विकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाते. नादारीतून मुक्तता होईपर्यंत नव्याने मिळालेली मालमत्ताही तिच्यातच मिळते. दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेल्या वस्तू मात्र घरातच राहतात: नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता न येणारा दागिना, अर्थात मंगळसूत्र. सुताराचा रंधा असा सुटला, तरी हिशेबाच्या वह्यांना ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे. कोणाचे किती देणे, हे त्यांवाचून उलगडायचे कसे?

यापुढे धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, न्यायालयाच्या परवानगीवाचून स्वतंत्र दावा लावता येत नाही. त्याने आपले येणे पुराव्यानिशी नोंदवायचे असते. विक्रीच्या रकमेतून खर्च वजा जाता सरकारी व स्थानिक संस्थांची देणी आणि नोकरांचे मर्यादित थकीत वेतन आधी भागते, आणि उरलेले इतरांना येण्याच्या प्रमाणात मिळते. तारणावर कर्ज देणारा मात्र या रांगेत उभा राहत नाही, कारण गहाण मालमत्तेवरील त्याचा हक्क अबाधित असतो. हातउसने देणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा नाममात्र रक्कम येते, ती यामुळेच.

नादारीचा अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत कर्जदाराने एखाद्या धनकोला झुकते माप देण्याच्या हेतूने पैसे चुकते केले असतील, उदाहरणार्थ इतरांना टाळून मेहुण्याचे देणे फेडले असेल, तर तो व्यवहार रिसीव्हरविरुद्ध टिकत नाही. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्यावाचून नावावर करून दिलेले घरही न्यायालय परत आणू शकते.

मुक्ततेचा आदेश झाल्यावर नोंदवण्याजोगी बहुतेक देणी संपतात. तथापि सरकारचे देणे, फसवणुकीतून उद्भवलेले कर्ज आणि फौजदारी न्यायालयाने ठरवलेली पोटगी शिल्लक राहते. मुक्तता होईपर्यंत नादार व्यक्तीला संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ नुसार संसदेचे वा विधिमंडळाचे सदस्यही होता येत नाही. मुक्तता मिळते ती कर्जदाराला, जामीनदाराला नाही. त्यामुळे पतसंस्थेच्या कर्जरोख्यावर शेजारधर्म म्हणून सही केलेल्या माणसाकडे पतसंस्था उरलेली रक्कम मागू शकते.