वजन, कंबर आणि किमो

स्तनाच्या कर्करोगावरची परिषद मोठं शहर सोडून घनसावंगीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी का, असं कुणीही विचारेल. किमोथेरपी, म्हणजे किमो, शहरात होते. पण दोन किमोंमधले दोन-तीन आठवडे बाई गावातच, आपल्या घरी काढते. त्या काळात ती काय खाते, तिचं वजन कुठे जातं, यावरही उपचाराचं यश काही अंशी ठरतं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

२०१४ मध्ये ८२ अभ्यासांतली दोन लाखांहून अधिक रुग्ण स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. निदानापूर्वी लठ्ठ असलेल्या स्त्रियांत मृत्यूचा धोका सामान्य वजनाच्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४१ टक्के जास्त दिसला. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं आणि हार्मोनवर पोसणाऱ्या गाठीला ते बळ देतं. वाढलेलं इन्सुलिन त्यात भर घालतं. आणखी एक कारण मात्र सर्वस्वी आपल्या हातातलं आहे. किमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात, आणि जाड बाईला एवढं औषध झेपणार नाही या भीतीने तो कधी कधी कमी केला जातो. आजार बरा करण्यासाठी उपचार चालू असतील तर डोस प्रत्यक्ष वजनावरूनच द्यावा, असं अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०१२ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. भीतीपोटी कापलेला डोस ही रुग्णावर केलेली दया नव्हे.

यावर कुणी म्हणेल, आमच्या बाया दिवसभर कापूस वेचतात, त्यांचा लठ्ठपणाशी काय संबंध? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण पाचातली एक स्त्री कृश निघाली, आणि जवळपास चारातली एक जादा वजनाची. दोन्ही प्रश्न एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच गल्लीत आहेत. शिवाय वजनकाटा पुरेसा नसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्याकडे कंबर मोजली पाहिजे. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

दुसरी शंका अधिक रास्त आहे: आहार बदलून खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या एका चाचणीत, २००६ च्या निष्कर्षांनुसार, स्निग्ध पदार्थ कमी केलेल्या स्त्रियांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. २००७ ची दुसरी चाचणी भाज्या-फळं भरपूर देणारी होती, तिच्यात फायदा दिसला नाही. पहिलीत स्त्रियांचं वजन थोडं उतरलं होतं, दुसरीत नाही. एवढ्यावरून वजनच कारण आहे असं सिद्ध होत नाही. पण नुसता पालेभाजीचा उपदेश पुरणार नाही, हे नक्की. आणि आहार हा औषधाला पर्याय नाही, हे इथून गावोगाव जायला हवं.

याचा अर्थ किमो चालू असताना उपास करा असा कुणी घेऊ नये. तेव्हा स्नायू झिजले तर पुढचे डोस लांबतात, कृश बाईला तर ते जास्तच जड जातं. अशक्तपणा आला म्हणून ग्लुकोजचं पाणी, शिरा आणि साबुदाणा यांचा मारा केला तर चरबी वाढते, ताकद नाही. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, चालत असेल तर अंडं, आणि झेपेल तेवढं रोज चालणं, हे आपल्या घरात जमण्यासारखं आहे. वजन वाढलं म्हणून बाईला दोष देऊ नका. घरातल्या सगळ्यांचं उरलेलं संपवणारी तीच असते, आणि तिच्या ताटाची जबाबदारी घरच्या सगळ्यांची आहे. डॉक्टरांना आणि आशाताईंना माझी एकच विनंती: प्रत्येक भेटीत तिचं वजन आणि कंबर केसपेपरवर लिहा, आणि ती काल काय जेवली हे तिला विचारा.