डिफरन्शियलची चुंबळ



पुण्यातल्या एका गृहस्थांकडे डब्ल्यू 124 जातीची जुनी मर्सिडीज आहे. 1995 पासून पिंपरीत टेल्कोच्या कारखान्यात ज्या जोडल्या गेल्या, त्यांतलीच एक. गाडी देखणी, इंजिन ठणठणीत, पण तिला एक खोड लागली. सिग्नल सुटला, ॲक्सिलरेटरवर पाय पडला, की मागच्या सीटखाली ‘धप्प’. पाय काढला, पुन्हा ‘धप्प’. पहिल्या गॅरेजने मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलले. दुसऱ्याने प्रॉपेलर शाफ्टचं रबरी कपलिंग बदललं. तिसऱ्याने तर गिअरबॉक्स उतरवायची भाषा सुरू केली. चौथा मेकॅनिक वयस्कर आणि अबोल. त्याने गाडी रॅम्पवर चढवली, डिफरन्शियलखाली टॉमी लावली आणि जरा जोर दिला. अख्खं डिफरन्शियल बोटभर वर उचललं गेलं. “बुश मेलंय, साहेब,” एवढंच तो म्हणाला.

आजचं भाषण त्या मेलेल्या बुशाबद्दल आहे. आणि त्याहूनही, त्याच्या जागी लोक काय बसवतात त्याबद्दल.

डोक्यावर हंडा घेताना बाई आधी काय करते? जुनेऱ्याची चुंबळ वळते. हंडा तांब्याचा, डोकं हाडाचं. मध्ये मऊ काही नसलं तर चार पावलांत कळ येते. मोटारीतही तसंच. डिफरन्शियल म्हणजे ओतीव धातूचा भरलेला हंडा, सबफ्रेम म्हणजे डोकं, आणि बुश ही चुंबळ. दोन लोखंडी नळ्या, एकीत एक, आणि त्यांच्यामध्ये दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर. बुश म्हणजे एवढंच.

एवढंच, पण त्यावर भार किती येतो ते पाहा. समजा, इंजिनाचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरात तो 4 पट होतो, डिफरन्शियलमध्ये आणखी 3 पट. झाले 2400. चाकं पुढे फिरवायची तर तेवढाच पीळ डिफरन्शियलला उलटा बसतो आणि त्याचं नाक वर उसळू पाहतं. पुढच्या आणि मागच्या बुशांत 40 सेंटिमीटर अंतर धरलं, तर बुशांवर 6000 न्यूटनचा जोर येतो, म्हणजे सुमारे 600 किलोंचं वजन. पाय काढला की तोच जोर दिशा बदलतो. पुणे-मुंबईच्या जुन्या घाटात ट्रकमागे रखडताना हे किती वेळा होतं, ते तुम्हीच मोजा. रबर कधीतरी फाटणारच. त्यात त्याची चूक नाही.

चूक पुढे होते. नवं बुश महाग, किंवा लगेच मिळत नाही. मग कोणीतरी सुचवतं, “लेथवर नायलॉनचं टर्न करून घेऊ, आयुष्यभर बघायला नको!” आणि मालक खूश होतो. अहो, चुंबळ फाटली म्हणून कोणी डोक्यावर लाकडी कडं ठेवतं का? तेही आयुष्यभर टिकेल. प्रश्न डोक्याचा आहे.

डिफरन्शियलचे दाते फिरताना गुणगुणतातच. नव्या गाडीतही. रबर ती गुणगुण गिळतं, म्हणून ती कानावर येत नाही. टणक बुश बसलं की ती थेट पत्र्यात उतरते, आणि मोटारीची बॉडी म्हणजे ढोलकीच. साठ-सत्तरच्या वेगाला मागून ‘ऊंऽऽ’ सुरू होतं. मग मालकाला वाटतं क्राउन-पिनियन गेलं. चांगले दाते उघडले जातात, पुन्हा बसवताना मधल्या शिम इकडच्या तिकडे होतात, आणि जो बिघाड नव्हता तो पैसे मोजून घरी येतो. पुन्हा सांगतो, कारण नेमकं हेच कानाआड होतं: बुश मऊ असतं ते कारखान्याने काटकसर केली म्हणून नाही. मऊ असणं हेच त्याचं काम.

आणखी एक उद्योग. बऱ्याच बुशांच्या रबरात चंद्रकोरीसारखी पोकळी ठेवलेली असते. हौशी मंडळी ती काच चिकटवायच्या गमने भरून टाकतात. चुंबळीला मधे भोक असतं, ते कापड कमी पडलं म्हणून नव्हे! एका दिशेला जास्त सैल आणि दुसरीला कमी, असा हिशेब त्या पोकळीत असतो. म्हणूनच नव्या बुशावर बाणाची किंवा खाचेची खूण असते. ती न बघता ठोकलं, तर महागातलं बुशही आडवं बसतं.

पॉलियुरेथेनचं काय, असं तरुण श्रोते विचारतील. तो पर्याय खरा आहे आणि त्याला जागाही आहे. रबराचा कडकपणा शोर ए मापात साधारण 50 ते 60 असतो. पॉलियुरेथेनची बुशं 70 पासून 95 पर्यंत मिळतात. माझ्दाच्या एमएक्स-5 या छोट्या दोन आसनी गाडीत डिफरन्शियलला दोन कान असतात आणि प्रत्येक कानात एक बुश. ही गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेणारे लोक तिथे पॉलियुरेथेन बसवतात, आणि गुणगुण वाढते हे पत्करून बसवतात. त्यांना वळणावर क्षणार्धात ताकद हवी असते. सासूबाईंना घेऊन कोल्हापूरला जाणाऱ्याला ती नको असते. तरीही बसवायचंच असेल तर 95चं नको, 70-80च्या आतबाहेरचं घ्यावं आणि सिलिकॉनचं ग्रीस लावावं. साधं ग्रीस लावलेलं किंवा कोरडंच बसवलेलं बुश पुढे कुरकुरतं.

बरं, हे डिफरन्शियलचं बुश सगळ्यांच्या गाडीत असतं का? नाही. स्विफ्ट, वॅगन आर यांना मागे डिफरन्शियलच नाही. बोलेरो, इनोव्हा यांचं डिफरन्शियल मागच्या ॲक्सलच्या पोटातच असतं. तिथली बुशं पाट्यांना किंवा आर्मांना. त्यामुळे यांपैकी कोणाच्या बिलावर ‘डिफरन्शियल बुश’ लिहून आलं, तर बिल घेऊन परत जावं. मागची चाकं स्वतंत्र आणि ताकद मागे जाणारी, अशाच गाड्यांचा हा विषय: जुन्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, आणि आपल्या रांजणगावात बनणारी चारही चाकांना ताकद देणारी कंपास.

आता परीक्षा. गाडी सपाट जागी, चाकांना दगड, पाय ब्रेकवर दाबलेला. एकाने गिअर डी आणि आरमध्ये फिरवावा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून, लांब काठीला बांधलेल्या फोनने खालचं चित्रण करावं. गाडीखाली शिरायचं नाही! जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली तर मुळीच नाही. आधाराचे घोडे लावल्याशिवाय प्रस्तुत वक्ता स्वतः बोटसुद्धा घालत नाही. चित्रात नाक उसळताना दिसलं, रबराला चीर दिसली, तर निदान झालं. नाक स्थिर असून ‘धप्प’ येत असेल, तर शाफ्टचे जॉइंट, सबफ्रेमची बुशं, शॉकचे वरचे रबर, या क्रमाने जावं. आणि बुश तेलाने ओलं दिसलं तर आधी डिफरन्शियलचं सील बदलावं. रबर तेल पितं, फुगतं आणि लोण्यासारखं होतं. सील तसंच ठेवून नवं बुश घालणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं डिफरन्शियल सबफ्रेमसकट आणणारेही भेटतात. आणा, पण त्यात बुश तेवढंच म्हातारं असतं हे विसरू नका. नाना पेठेत नवं घेतानाही नखाने रबर दाबून बघा. वर्षानुवर्षं फळीवर पडलेलं रबर न वापरताच टणक होतं, कडेला बारीक भेगा धरतं. आणि एक फाटलं की सगळी बदला. उरलेल्यांनी इतके दिवस त्याच्या वाट्याचा भार ओढलेला असतो.

स्टुडिओच्या काचेपलीकडून दोन बोटं दाखवली जात आहेत. दोन मिनिटं राहिली, आणि बसवण्याबद्दल तर काहीच झालं नाही. थोडक्यात: जुनं बुश काढण्याआधी ते किती खोल बसलंय ते मोजून लिहून ठेवा. रबर जाळून काढू देऊ नका. धूर विषारी आणि जवळचं सील भाजतं. नवं बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर नळी केसभर आकसते आणि प्रेसवर सुखाने शिरते. हातोडा मात्र... असो, तो विषय मोठा आहे.

त्या मर्सिडीजमध्ये शेवटी रबराचीच बुशं बसली. ‘धप्प’ गेलं. आधी बदललेल्या शॉकचे आणि कपलिंगचे पैसे अर्थातच परत आले नाहीत.

तेव्हा गाडी गॅरेजात द्याल तेव्हा एक करा. काढलेलं जुनं बुश पिशवीत घालून परत मागा, आणि बसवण्याआधी नवं हातात घेऊन अंगठ्याने दाबा. दबलं नाही, तर बसवू देऊ नका.